गोगलगायींचे महामंडळ

गोगलगायीला आठवण असते, हे सरांनी प्रथम सिद्ध केले ते जेवणाच्या टेबलावर. आणि त्यानंतर बराच काळ त्या घरात कुणी टेबलावर जेवायला बसले नाही.

सर महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत. मध्यम वयाचे, मध्यम उंचीचे, आणि आवाजाने तर मध्यमाच्याही खालचे. वर्गात त्यांचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नसे, आणि गेलाच तर वाटेत प्रत्येकाची माफी मागत जाई. 'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण लोक लबाडांसाठी वापरतात याचे त्यांना मनापासून दुःख होते. शरीररचनेच्या दृष्टीने ती म्हण बिनचूक आहे, गोगलगायीचे पोट हाच तिचा पाय असतो आणि त्यात लबाडी कसलीही नसते, असे ते दरवर्षी पहिल्याच तासाला सांगत. विद्यार्थी दुसऱ्या तासाला येत नसत.

प्रयोग साधा होता. बेचक्यासारखा पुढे दुभंगणारा एक अरुंद लाकडी रस्ता. उजव्या फाट्यावर कुंचल्याने ओढलेली व्हिनेगरची एक पुसट रेघ. त्या फाट्यावर सोडलेली गोगलगाय रेघेपाशी पोचे, तिला व्हिनेगरचा झोंबरा स्पर्श होई आणि ती शिंगे, मान, सारा संसार आवरून शंखात शिरे. दुसऱ्या दिवशी रस्ता स्वच्छ धुऊन, व्हिनेगरचा मागमूसही न ठेवता, सर तिला बेचक्याच्या तोंडाशी सोडत. ती क्षणभर थांबे, दोन्ही शिंगे हवेत फिरवी, आणि डावीकडे वळे. बारा गोगलगायी, त्यांतल्या नऊ डावीकडे. त्या क्षणभराच्या थांबण्यात सरांना काय दिसले असेल ते सांगणे अवघड आहे. ज्याला आयुष्यात कुणी फारसे लक्षात ठेवलेले नाही, अशा माणसाला दुसरा जीव काहीतरी लक्षात ठेवताना दिसला, की त्याचे डोळे भरून येतात. सरांचे आले.

"अहो, ते व्हिनेगर मी लोणच्यासाठी आणलं होतं," बायको म्हणाली. ती मोठ्या रुग्णालयात मुख्य परिचारिका होती. सगळा विभाग तिला 'सिस्टर' म्हणे, आणि घरीही तिच्या चालण्यात एक पाळी संपून दुसरी सुरू झाल्याची लगबग असे.

"तिला आठवतंय, अगं! कालचं आठवतंय!"

"बरं झालं. तिला विचारा, गॅसचा नंबर लावायचं कुणी कबूल केलं होतं काल."

सिस्टरचा धाकटा भाऊ, म्हणजे सरांचा मेव्हणा, संख्याशास्त्रज्ञ होता. जगातल्या कुठल्याही आनंदाला तो पहिला प्रश्न विचारी तो 'किती?' हाच.

"बारा? भाऊजी, बारा म्हणजे प्रयोग नव्हे हो. ती नुसती ओळख झाली."

"पण बारांतल्या नऊ..."

"आणि ज्यांना व्हिनेगर दाखवलंच नाही, त्या कुठे वळतात?"

कवीला कवितेचा उपयोग विचारावा, तसे सरांनी त्याच्याकडे पाहिले. "ते मोठ्या प्रमाणावर करू तेव्हा बघू," ते म्हणाले, आणि निबंध एका नियतकालिकाकडे पाठवून दिला.

नियतकालिकाचे उत्तर आले: 'प्रयोग हृद्य आहे. तो अनेक ठिकाणी, अनेकांनी करून पाहावा.' त्या वाक्यातल्या दोन 'अनेकां'नी मिळून सरांचे पुढचे सारे दिवस कुरतडून खाल्ले, कोबीचे पान कडेपासून खातात तसे.

सरांनी तीन परिचितांना लिहिले. त्या तिघांनी आपापल्या परिचितांना कळवले. एखाद्या वार्तेला पंख फुटतात असे म्हणतात. या वार्तेला बुरशी फुटली. ऋतू पालटण्यापूर्वी चाळीसेक प्रयोगशाळा जमा झाल्या: बंदराच्या, वाळवंटाच्या, बर्फाच्या, विद्यापीठातल्या, आणि एक तर कुणाच्या तरी गॅरेजमधली. कुणाची न्याहारी, कुणाचे दुपारचे जेवण, कुणाची जांभई अशी सगळी पडद्यावरच्या चौकोनांत एकत्र येऊ लागली. सर त्या सभांना वर कोट आणि खाली घरातला पायजमा घालून बसत. संयोजक या नात्याने त्यांना उभे राहायची भीती वाटे.

पहिल्या सभा प्रकल्पाच्या नावावर झाल्या. नंतरच्या बोधचिन्हावर. बोधचिन्हात गोगलगाय काढायची यावर एकमत होते. परंतु कुणीतरी ती आरशातल्यासारखी उलटी काढली, तिच्या शंखाचे वेटोळे नको त्या बाजूला फिरले, आणि तेवढ्यावरून दोन संस्थांनी एकमेकींशी बोलणे टाकले. हा सगळा गोंधळ ताब्यात घेतला तो डोंगरावरच्या बाईंनी. डोंगरमाथ्यावरच्या एका भल्या मोठ्या संस्थेच्या त्या संचालक. त्यांचा आवाज अग्रलेखासारखा होता: सुरुवातीला खेद, मध्ये इशारा, शेवटी आशा.

"सर, तुम्ही या प्रकल्पाचा आत्मा आहात," त्या म्हणाल्या. "तेव्हा अध्यक्षपद मी घेते."

आत्म्याला पद नसते, हे सरांना पटले. मान हलवताना त्यांच्या आत कुठेतरी एक बारीक शिंग आखडले, एवढेच.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त अभियंते राहत. त्यांनी उमेदीची वर्षे धरणे बांधण्यात घालवली होती आणि निवृत्तीनंतर अडवायला काही न उरल्यामुळे ते जिन्यात माणसांना अडवीत.

"ऐकलं, मोठं काम हाती घेतलंय. आराखडा कुठाय?"

"कसला आराखडा?"

"अहो, चाळीस ठेकेदार आणि आराखडा नाही? धरण असतं तर एव्हाना गावं वाहून गेली असती!" असे म्हणून त्यांनी सरांच्या बैठकीच्या भिंतीवर आढ्यापासून जमिनीपर्यंत कागद लावला आणि त्यावर चार रंगांच्या पट्ट्या ओढल्या. लाल पट्टी म्हणजे धोका. लवकरच भिंत एखाद्या भाजलेल्या माणसासारखी दिसू लागली. "मला मानधन नको, पद नको," ते म्हणत, "फक्त मला विचारल्याशिवाय काही करू नका."

सगळीकडे गोगलगायी एकाच जातीच्या हव्यात म्हणून सरांनी आपल्याकडच्या काही गोगलगायी पाठवायचे ठरवले. टपाल कचेरीतल्या कारकुनाने डबा कानाशी नेऊन हलवला.

"आत काय आहे?"

"गोगलगायी."

"जिवंत?"

"हो, पण झोपलेल्या आहेत. कोरडं ठेवलं की त्या महिनोन्महिने झोपतात."

"झोपलेला माणूस पार्सलने जातो का?"

"नाही..."

"मग? शंख म्हणून पाठवता येतील. शंख ही वस्तू आहे."

"पण आत जीव आहे हो."

"तो तुम्ही मला सांगायलाच नको होता," कारकून खिन्नपणे म्हणाला, आणि खिडकी लावून घेतली. एवढ्या थोड्या शब्दांत एवढे तत्त्वज्ञान सरांनी कुठल्याही परिषदेत ऐकले नव्हते. शेवटी ज्याने त्याने आपापल्या बागेतल्याच गोगलगायी घ्याव्यात असे ठरले. मग आहाराचा प्रश्न आला; कोबीवाले आणि पालकवाले असे तट पडले; व्हिनेगर किती तीव्र असावे यासाठी उपसमिती नेमली गेली आणि त्या उपसमितीने, स्वभावानुसार, स्वतःची एक उपसमिती नेमली.

सगळ्यांत नाजूक मुद्दा मेव्हण्याने मांडला. आकडेमोड त्याच्याकडे होती, त्यामुळे तोही सभांना असे.

"दोन गट हवेत. अर्ध्या प्रयोगशाळांनी गोगलगायींना व्हिनेगर लावायचं. तो त्रस्त गट. उरलेल्यांनी काहीही करायचं नाही, नुसतं बघायचं, त्या कुठे वळतात. तो शांत गट. दोघांत फरक दिसला, तर आठवण आहे. नाहीतर नाही. कुणी कुठला गट घ्यायचा त्याच्या चिठ्ठ्या टाकू."

"चिठ्ठ्या!" डोंगरावरच्या बाई दुखावल्या. "आपण शास्त्रज्ञ आहोत, जुगारी नाही. ज्याने त्याने आपल्या सोयीने गट निवडावा. विज्ञानातही लोकशाही हवी."

चौकोनाचौकोनांतून माना डोलल्या. मेव्हण्याने सरांकडे पाहिले. संयोजक या नात्याने 'नाही' म्हणण्याचा तो क्षण होता. पण सरांनी उभ्या जन्मात भाजीवाल्यालाही कधी 'नाही' म्हटले नव्हते. घरात कायम एक दुधी जास्तीचा असे.

"सोयीने... हरकत नाही," ते पुटपुटले.

"मग निदान एवढं तरी करा," मेव्हणा वैतागून म्हणाला. "कुणी कुठला गट घेतलाय, ते शेवटपर्यंत एकमेकांना कळू देऊ नका. मलाही सांगू नका. एकदा कळलं, की माणूस मोजतो ते त्याला हवं तेवढंच."

हा ठराव मात्र टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. विज्ञानात एवढी निर्मळ एकजूट क्वचितच दिसते, असे सरांना त्या वेळी वाटले. त्या टाळ्यांमागे प्रत्येकाचे स्वतंत्र कारण होते, हे त्यांना फार उशिरा कळायचे होते.

सरांनी स्वतः अर्थातच त्रस्त गट घ्यायचे ठरवले होते. पण त्यासाठी महाविद्यालयाच्या प्राणीकल्याण समितीची परवानगी लागे. समितीत प्राचार्य, अर्थशास्त्राचे एक प्राध्यापक आणि एक रिकामी खुर्ची होती. रिकाम्या खुर्चीशिवाय बैठक पूर्ण होत नाही, हे पहिल्या दोन बैठकांत समजले.

"यात गोगलगायीचा फायदा काय?" अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी विचारले.

"फायदा... तसा नाही."

"मग ती भाग का घेतेय?"

प्राचार्यांची काळजी वेगळी होती. "उद्या कुणी फोटो काढला तर? एक प्राध्यापक, हातात कुंचला, समोर भेदरलेला मुका जीव. कसं दिसेल ते?"

"प्राचार्यसाहेब, फार सौम्य असतं हो व्हिनेगर."

"ते फोटोत कळत नाही. त्यापेक्षा त्यांना काहीच केलं नाहीत, तर?"

"काहीच नाही केलं, तर परवानगी लागेल?"

"काहीच न करण्याला आमच्या महाविद्यालयात कधीच परवानगी लागलेली नाही," प्राचार्य अभिमानाने म्हणाले.

तेव्हा परवानगी येईपर्यंत, तोवर, तात्पुरता, सरांनी शांत गट धरला. एका शांत गटाने असा काय फरक पडणार होता? चाळीस प्रयोगशाळा होत्या. बर्फाळ मुलखातली माणसे कणखर. ती लावत असतील व्हिनेगर. डोंगरावरच्या बाई तर कुणालाही व्हिनेगर लावू शकतील. सर रोज आपल्या गोगलगायींना बेचक्यावर अलगद सोडत, त्या कुठे वळतात ते टिपत आणि त्यांना परत पानांवर ठेवत. कुंचला कपाटात पडून राहिला. खरे सांगायचे तर त्यांना त्यात सुखच वाटत होते. शंखात शिरणाऱ्या गोगलगायीचा तो मिटत जाणारा क्षण त्यांना आधीही कधी पाहवला नव्हता. पहिल्या बारा वेळा त्यांनी डोळे बारीक करून कुंचला फिरवला होता. परवानगी यथावकाश आली. तोवर 'तोवर'ची सवय झाली होती.

भिंतीवरच्या लाल पट्ट्या हळूहळू हिरव्या झाल्या. अभियंते रोज सकाळी येऊन त्यांच्यापुढे चहा पीत. निबंधावरच्या नावांच्या क्रमावरून मोठी लढाई झाली. वर्णानुक्रमे, तर कुणाच्या वर्णमालेच्या अनुक्रमे? गोगलगायींच्या संख्येनुसार, की वजनानुसार? ज्यांच्याकडे मोठ्या जातीच्या होत्या ते वजनाचा आग्रह धरून बसले. एका सभेत तर गॅरेजवाल्याने सरांनाच विचारले, "आपण कोण? आपण कुठल्या संस्थेकडून?" सरांनी 'मी आत्मा' असे सांगायचा मोह आवरला. पण या सगळ्या अवहेलनेतही ते मनाशी एक गोष्ट घट्ट धरून होते. माझे नाव शेवटी येवो, गळो, चुकीचे छापले जावो. गोगलगायीला आठवते, हे जगाला कळेल. ते मी पाहिले होते. जेवणाच्या टेबलावर, एकट्याने.

निकालाच्या सभेला सिस्टर सुट्टी घेऊन घरी थांबली. पडद्याच्या कक्षेबाहेर, भाजी निवडत. अभियंते खुर्ची घेऊन आले होते. मेव्हणा त्याच्या चौकोनातून म्हणाला, "सगळ्यांचे आकडे आले. फार सुंदर आकडे आहेत. चार हजारांवर गोगलगायी. आता एकेकाने आपला गट सांगा, म्हणजे मी दोन ढीग करतो. वाळवंट?"

"शांत गट."

"बंदर?"

"शांत. आमच्याकडे परवानगीचं जरा..."

"बर्फ?"

"शांत. आम्हाला वाटलं, उष्ण मुलखातली माणसं करतील."

"गॅरेज?"

"मुलीने लावू दिलं नाही. तिने प्रत्येकीला नाव दिलं होतं."

मेव्हण्याचा आवाज उत्तरागणिक खाली येत गेला. शांत. शांत. एखाद्या मोठ्या घरात एकेका खोलीतला दिवा मालवत जावा, तसे ते चौकोन एकामागून एक म्हणत गेले. शांत. शेवटी डोंगरावरच्या बाई उरल्या.

"तुम्ही तरी," मेव्हणा जवळजवळ विनवत म्हणाला.

बाईंनी आधी खेद व्यक्त केला. "अध्यक्ष या नात्याने मला तटस्थ राहणं भाग होतं," त्या म्हणाल्या. "शांत."

"भाऊजी?"

सरांनी नुसती मान खाली घातली.

"अख्खं धरण बांधलं," अभियंते हळूच म्हणाले, "आणि पाणी सोडायचं राहिलं!"

कोपऱ्यातून सिस्टरचा आवाज आला, "चाळीस घरांत मिळून एकालाही गोगलगायीच्या वाटेत थेंबभर व्हिनेगर टाकता आलं नाही? आणि हे लोक जग जिंकायला निघालेत!"

मेव्हणा मात्र आपल्या आकड्यांकडे टक लावून बसला होता. "एक मिनिट," तो म्हणाला. "कुणीच काही केलं नाही ना? मग या चार हजार गोगलगायी... चारांतल्या तीन डावीकडे वळल्यात. सगळीकडे. कोबी खाऊन, पालक खाऊन, बर्फात, वाळवंटात. डावीकडे."

बारांतल्या नऊ म्हणजेही चारांतल्या तीनच. हा हिशेब सरांच्या मनात मेव्हण्याच्या आधी पुरा झाला. टेबलावरच्या त्या गोगलगायी काही आठवत नव्हत्या. त्या नुसत्या चालल्या होत्या. त्या क्षणभर थांबल्या तेव्हा त्यांच्या मनात काल नव्हता, कुंचला नव्हता, सर तर नव्हतेच. त्यांचे वळण त्यांच्या अंगातच होते, नदीचे असते तसे. आणि एका माणसाने काठावर उभे राहून ते वळण आपल्यासाठीच आहे असे मानले होते.

डोंगरावरच्या बाई आशेच्या परिच्छेदाला आल्या होत्या. "निराश होण्याचं कारण नाही. सरांच्या मूळच्या बारा गोगलगायी आहेत की! त्यांना व्हिनेगर लावलं होतं. त्याच त्रस्त गट. त्या डावीकडे वळल्या, हे सरांच्या सिद्धान्ताशी सुसंगतच आहे. शांत गटाचे आकडे परिशिष्टात टाकू. परिशिष्ट कोण वाचतं?"

चौकोनांत सुटकेची कुजबुज झाली. सुसंगत, सुसंगत. गॅरेजवाल्यानेही मान डोलावली. सरांना दिसत होते, की आता फक्त नेहमीचे 'हरकत नाही' म्हटले, तर त्यांची आठवण वाचते. गोगलगायीची, आणि तिच्या आडून त्यांचीही. इतक्या वर्षांत ते वाक्य त्यांना किती सहज येत असे!

सर उभे राहिले. पायजमा चाळीस प्रयोगशाळांना दिसला.

"नाही," ते म्हणाले.

आवाज तिसऱ्या बाकापलीकडे गेला. सिस्टरच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"नाही. माझ्या बारा गोगलगायी काहीही सिद्ध करत नाहीत. मी सांगितलं ते चूक होतं. त्या त्यांच्या वाटेने चालल्या होत्या आणि मी उगीच मध्ये उभा होतो. निबंध लिहायचा, तर पहिल्या ओळीत हेच लिहायचं. परिशिष्टात नाही."

मग बाईंनी घसा साफ केला. ज्या निबंधाच्या पहिल्या ओळीत चूक कबूल केलेली असेल, त्यावर पहिले नाव कुणाचे असावे, असा प्रश्न त्यांनी मतदानाला टाकला. महामंडळाच्या इतिहासात प्रथमच, वर्णमाला, संख्या आणि वजन हे सारे वाद विसरून, पहिले नाव सरांना एकमताने देण्यात आले.

सभा संपली. अभियंत्यांनी भिंतीवरचा कागद उतरवला, गुंडाळी करून काखेत मारली आणि जाता जाता सरांच्या खांद्यावर हात ठेवला. "आमचंही एक धरण आहे, कोरडं," ते म्हणाले. "नदीच वळली. पण आम्ही कुणी तुमच्यासारखं सांगितलं नाही."

सर बराच वेळ पडद्याच्या काळ्या चौकोनासमोर बसून राहिले.

"मग आठवतं की नाही हो त्यांना?" सिस्टरने विचारले.

"माहीत नाही. ते कुणी पाहिलंच नाही."

"म्हणजे मूळ प्रश्न तसाच आहे. एवढी माणसं जमवून कुणी त्याला हातसुद्धा लावला नाही?"

"नाही."

"मग सुतकी चेहरा करून का बसलाय? उठा."

त्यांनी उपलब्ध गोगलगायींतल्या अशा काही निवडल्या, ज्या पुन्हापुन्हा उजवीकडेच वळत आल्या होत्या. चारांतली एक असतेच तशी; उजवीकडे व्हिनेगर लागल्यावर तीच डावीकडे वळली, तर ती आठवण. हे सुचले सरांना, आणि सुचल्याबद्दल त्यांनी सवयीने माफी मागितली. रेघ ओढायची वेळ आली तेव्हा त्यांचा हात अडला.

"तूच ओढ ना," ते म्हणाले.

"द्या इकडे. मी आयुष्यभर माणसांना टोचत आले. थोडं दुखतं, आणि मग माणूस बोलायला लागतो." तिने डोळे बारीक न करता रेघ ओढली. गोगलगाय रेघेपाशी पोचली, थरकली, मिटली. सरांनी या वेळी पूर्ण पाहिले.

दुसऱ्या दिवशी रस्ता धुऊन, पुसून, तिला बेचक्याच्या तोंडाशी ठेवले. दोघे टेबलाच्या दोन बाजूंना बसले. गोगलगायीने एक शिंग बाहेर काढले, मग दुसरे. ती फाट्यापर्यंत आली आणि थांबली.

तेवढ्यात मेव्हण्याचा फोन आला. "ताई म्हणत होती, नवीन सुरू केलंय. कुठे वळली?"

"अजून उभी आहे."

"काय वाटतंय, भाऊजी? कुठे वळेल?"

सरांनी गोगलगायीकडे पाहिले. दोन्ही शिंगे हवेत होती, हळूहळू, काहीतरी चाचपत. त्या थांबण्यात काय काय दिसू शकते, ते त्यांच्याइतके कुणाला माहीत होते?

"ते ती वळली की कळेल," सर म्हणाले, आणि फोन टेबलावर अलगद ठेवून, श्वास धरून, नुसते बघत राहिले.